खण, काठ आणि अस्तर

घटस्थापना आठ दिवसांवर आली की बारामती-इंदापूरकडच्या गावांत दोन कामे एकदम निघतात. घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा आणि सतरंज्या गाठोड्यात बांधून बायका नदीवर, ओढ्यावर नाहीतर कालव्यावर जातात. मागे राहिलेले कोणीतरी घरातली भांडीकुंडी अंगणात काढते आणि भिंतींना चुन्याचा हात देते. दुपारपर्यंत काठावरच्या खडकांवर आणि बाभळींवर गोधड्यांचे रंगीत चौकोन पसरतात. गावात भिंतींवरचा ओला, मळकट दिसणारा चुना उन्हात हळूहळू पांढराशुभ्र होत जातो. संध्याकाळी वाळलेले कापड वाळलेल्या घरात परत येते. घर आणि कापड यांची वर्षाची रंगसफाई अशी एकाच दिवशी, बऱ्याचदा एकाच हाताने होते.

चित्रकलेच्या वर्गात मात्र हे दोन विषय वेगळे शिकवले जातात. कापडाच्या घड्या हा एक धडा, घर आणि त्याचे यथार्थदर्शन हा दुसरा. आपल्या भाषेने त्यांना कधी वेगळे मानले नाही. चोळीच्या कापडाला आपण खण म्हणतो आणि घरातल्या दोन तुळयांमधल्या जागेलाही खणच म्हणतो. ओटीत खण घालायचा आणि घर पाच खणांचे बांधायचे. लुगड्याला काठ असतो, तसा नदीलाही असतो. कोटाला आतून अस्तर लावतात आणि भिंतीला रंगापूर्वी अस्तराचा हात देतात. नीरा डाव्या कालव्याचे अस्तरीकरण करावे की नाही, यावर तर या दोन तालुक्यांत वाद झडले आहेत, कारण पाझर थांबला तर विहिरी कशा भरणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे. कापड आणि वास्तू यांचे शब्द इतके सामाईक का, याचे उत्तर शब्दकोशात शोधण्यापेक्षा रंगाच्या बादलीत शोधलेले बरे. ही दोन्ही रंगवताना डोळ्याला जे समजावे लागते, ते एकच आहे.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गाव वसते त्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची पडलेली घरे, राख आणि चुना मिसळून गावठाणाची माती फिकट होते. हीच पांढरी माती पुन्हा घरावर चढते. कमी पावसाच्या या पट्ट्यात, म्हणजे बारामतीपासून इंदापूरमार्गे सोलापूरकडे जाताना, जुनी घरे धाब्याची दिसतात. त्यालाच पूर्वेकडे माळवद म्हणतात. खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यावर फांद्या-पाल्याचा थर आणि वर पांढऱ्या, खारवट मातीचा जाड पदर. ही माती पाणी पडले की घट्ट मिटते, म्हणून छप्पर सपाट असूनही गळत नाही. कोकणात असे छप्पर एक पावसाळाही काढणार नाही. माळवदात मधे सवणे ठेवलेले असते. त्यातून चुलीचा धूर वर जातो आणि उजेड खाली येतो.

खांबांमधले अंतर लाकडाच्या लांबीने ठरते. तुळई जेवढी मिळेल तेवढा खण. कापडाचा पन्हाही मागाच्या रुंदीनेच ठरतो, विणकराच्या मर्जीने नाही. म्हणून जुने घर आणि जुने लुगडे या दोहोंत एक मोजून घातलेली लय असते आणि चित्रकाराला ती आयती मिळते. खांब, मोकळी जागा, खांब, मोकळी जागा. काठ, अंग, काठ. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून आले आणि या घराण्याच्या आश्रयाने इथेच राहिले. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांच्या गढीची जागा आहे. अशा मोठ्या वास्तूंचे चित्र कोणीही काढतो. पण ती लय शेजारच्या तीन खणी घरातही तितकीच शुद्ध असते.

पांढरे दिसते कसे

आता गोधड्या वाळण्याच्या त्या दुपारकडे परत येऊ. ओले धोतर गडद दिसते आणि अंगाला चिकटले तर त्यातून कातडीही दिसते. वाळले की तेच धोतर पांढरे होते आणि आरपार दिसणे थांबते. नुकताच मारलेला चुनाही असाच असतो. ओला असताना खालची माती दाखवतो, वाळताना पांढरा होत जातो. पहिल्यांदा चुना मारणारा माणूस हे पाहून घाबरतो आणि उगाच दाट हात देतो. दाट हाताचे पोपडे सुटतात. जुना माणूस पातळ हात देतो आणि थांबतो.

दोन्हीकडे कारण एकच आहे. कापसाचा एकेक तंतू मुळात पांढरा नसतो, तो जवळजवळ पारदर्शक असतो. चुन्याचा एकेक कणही तसाच. पण तंतूंच्या आणि कणांच्या मधे हवा असते. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून हवेत असा जाताना प्रत्येक वेळी थोडा वळतो आणि थोडा परततो. हजारो वेळा असे झाले की सगळ्या रंगांचा प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, आणि त्यालाच आपण पांढरे म्हणतो. हवेचा वक्रीभवनांक १ आहे, पाण्याचा १.३३, कापसाच्या तंतूचा साधारण १.५ आणि वाळलेल्या चुन्याच्या स्फटिकाचा साधारण १.६. मधल्या हवेच्या जागी पाणी शिरले की हा फरक कमी होतो, विखुरणे घटते, प्रकाश आत जातो आणि वस्तू गडद दिसते. पाणी उडाले की हवा परत येते आणि तिच्याबरोबर पांढरेपणाही. म्हणजे धोतराचा आणि भिंतीचा पांढरा रंग हा एका अर्थाने त्यांच्यात अडकलेल्या हवेचा रंग आहे.

चुन्याच्या बाबतीत याच्या जोडीला रसायनही काम करते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळी पाण्यात टाकली की खदखदते, पाणी उकळू लागते आणि विरलेला चुना तयार होतो. तो भिंतीवर बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. मूळचा दगड भट्टीतून, बादलीतून आणि केकताडाच्या कुंच्यातून फिरून भिंतीवर पुन्हा दगडच होतो, फक्त कागदाएवढ्या पातळ थरात. हाताला चुना लागू नये म्हणून त्यात डिंक, सरस किंवा तांदळाची पेज घालण्याची रीत आहे.

दोन्ही बादल्यांत एकच नीळ

चुन्याच्या बादलीत आणि धोतराच्या शेवटच्या पाण्यात, दोन्हीकडे थोडी नीळ पडते. हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. जुने सुती कापड पिवळट पडते, म्हणजे ते प्रकाशातला निळा भाग खाऊन टाकते. मातीवर मारलेला चुनाही किंचित पिवळसर झाक देतो. नीळ घातली की ती पिवळा भाग थोडा खाते. हिशेबाने पाहिले तर कापडावरून परतणारा एकूण प्रकाश कमीच होतो, पण तो समतोल होतो. आणि आपल्या डोळ्याला समतोल प्रकाश जास्त पांढरा वाटतो.

ही नीळ म्हणजे बहुधा अल्ट्रामरिन. एकेकाळी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत. अजिंठ्याच्या चित्रांतली निळाई त्याच दगडाची आहे, आणि बाकीचे बरेच रंग आसपासच्या मातीदगडांतून मिळत असताना हा एक रंग इतक्या दुरून आला होता. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये ज्याँ-बाप्तिस्त गिमे याने चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून तोच रंग कृत्रिमरीत्या तयार केला. राजेरजवाड्यांचा रंग त्यानंतर पुडीत आला आणि पुडीतून धुण्याच्या दगडावर पोहोचला. अल्ट्रामरिन चुन्यात टिकते, आम्लात मात्र विरून जाते. प्रशियन ब्लूचे याच्या उलट आहे, चुन्याच्या तीव्रतेत ती टिकत नाही. म्हणून भिंतीसाठी हीच नीळ योग्य. जोत्याला आणि तुळशी वृंदावनाला लागणारा गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, तोही चुन्याशी भांडत नाही. पांढरे, गेरूचे तांबडे आणि निळीची झाक या तीन रंगांत या भागातली जुनी घरे रंगली, आणि तिन्ही रंग एकमेकांशेजारी वर्षानुवर्षे टिकले.

चित्रकाराने पांढरे कापड किंवा पांढरी भिंत रंगवताना नेमके हेच करायचे असते. नवशिका सावलीसाठी पांढऱ्यात काळा मिसळतो आणि धोतर मळलेले दिसते. उघड्यावरच्या सावलीत सूर्य पोहोचत नाही, पण निळे आभाळ पोहोचते, म्हणून सावली निळसर असते. धोतर गेरूच्या जोत्याजवळ वाळत असेल तर घडीच्या आत खालून तांबूस उजेड चढतो. सावलीत निळा आणि घडीच्या पोटात गेरूचा अंश आला की तेच धोतर उन्हात स्वच्छ उभे राहते. निळीची पुडी बादलीत टाकणाऱ्या आजीला हा नियम पुस्तकाशिवाय माहीत होता.

घडी कुठून निघते

कापड चितारताना दुसरी अडचण घड्यांची. समोर शेकडो सुरकुत्या दिसतात आणि हात गोंधळतो. यावर एकच प्रश्न विचारायचा: हे कापड कशावर टेकले आहे? कापड स्वतः उभे राहू शकत नाही. खांदा, गुडघा, खुंटी, दोरी किंवा जमीन यांनी त्याला धरलेले असते, आणि प्रत्येक घडी अशा एका टेकूपासून निघते. एका खुंटीवर टांगलेल्या धोतरात नळीसारख्या सरळ घड्या पडतात. दोन टोकांना धरलेल्या कापडाला मधे झोळीसारखा बाक येतो. दुमडलेल्या बाहीत नागमोडी घड्या पडतात. जमिनीवर टाकलेले कापड निपचित असते, त्याच्या घड्यांना दिशा नसते.

नऊवारी लुगडे या सगळ्यांची एकत्र परीक्षा घेते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड एका अंगावर बसते. निऱ्या नळीसारख्या, खांद्यावरून पदर झोळीसारखा, पायांमधून मागे जाणारा कासोटा ताणलेला. काठ हा इथे चित्रकाराचा वाटाड्या असतो. अंगावरच्या घड्या कळल्या नाहीत तरी काठाची रेघ कुठे वळते, कुठे लपते आणि कुठे परत येते एवढे बारकाईने काढले, की मधले कापड आपोआप बसते.

घराचेही असेच आहे. खांबाने तुळई धरली आहे आणि तुळईने माळवद. कुठली गोष्ट कशावर टेकली आहे हे ज्याला कळले, त्याने काढलेले घर पडत नाही. वाकलेल्या जुन्या तुळईचा बाक आणि दोरीवरच्या ओल्या वाकळेचा बाक एकाच कारणाने येतो, वजन मधे आणि आधार टोकांना. आधार शोधायचा हा धडा कापडावर लवकर पचतो, मग घर सोपे जाते.

ओट्यापासून परसापर्यंत

रोजच्या घराचे आतले चित्र काढणे सर्वांत अवघड. ओटा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू अशी जुन्या घराची रांग असते आणि बऱ्याचदा दारेही एका रेषेत येतात. ओट्यावर बसून आत पाहिले तर दारामागे दार दिसते, प्रत्येक दार आधीच्यापेक्षा लहान आणि अंधारे, आणि शेवटी परसातल्या उन्हाचा एक झगझगीत तुकडा. यथार्थदर्शनाचा संपूर्ण पाठ इथे मांडून ठेवलेला आहे.

अडचण अशी की उन्हातल्या चुन्याच्या भिंतीवरचा उजेड आणि माजघरातल्या कोपऱ्यातला उजेड यांत शेकडो पटींचा फरक असतो. कागदावरच्या पांढऱ्या आणि काळ्या रंगात तो जेमतेम वीस-पंचवीस पटींचा. म्हणजे दिसते तसे रंगवणे शक्यच नाही. काहीतरी सोडावे लागते. अंधाराचे बारकावे गिळू द्यायचे की उन्हाचे, हे चित्रकार ठरवतो. सवण्यातून पडणारा उजेडाचा खांब काढायचा असेल तर भोवतीची सगळी खोली दबवावी लागते.

जलरंगात तर पांढरा बहुधा लावतच नाहीत, कागद कोरा सोडतात. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभे करून हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगात केले. ते 'ग्लो ऑफ होप' या नावाने म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटे आतून उजळली आहेत, आणि तोच उजेड साडीच्या घड्यांवरून उतरत अंधारात विरतो. उजेडाचे उगमस्थान एक आणि कापड त्याचा साक्षीदार, एवढ्यावर ते चित्र उभे आहे. कापडाच्या घड्या पुसून टाका, दिवाही विझेल.

रोजच्या इमारतींना चित्राचा विषय म्हणून प्रतिष्ठा देणाऱ्यांत सुधीर पटवर्धन यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि चित्रे काढत. इराण्याचे हॉटेल, रेल्वेचा डबा, जिने, वस्त्या हे त्यांचे विषय. कापड आणि चित्र यांतला सांधा प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या आयुष्यात दिसतो. अलिबागजवळच्या नागावचे बरवे वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते. हातमागासाठी नवे नमुने घडवायला १९५० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्रांत के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकारही होते. बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ अशा साध्या वस्तू मोठ्या मोकळ्या अवकाशात ठेवलेल्या दिसतात. आपल्या पुस्तकाला त्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे नाव दिले. कॅनव्हास म्हणजे तरी काय? ताणलेले कापड आणि त्यावर पांढरे अस्तर. भिंत आणि वस्त्र तिथे एक होतात. आपला चित्रपट हा शब्दही चित्र आणि पट, म्हणजे कापड, यांतूनच आला आहे.

गोधडीचा चौक

गोधडी हे घराने घरासाठी केलेले चित्र आहे. फाटलेली लुगडी, धोतरे, पोरांचे सदरे यांचे थर अंथरून धावदोऱ्याने ती शिवतात. पुष्कळ गोधड्यांत टाके कडेने सुरू होतात आणि चौकोनात चौकोन काढत मध्याकडे जातात. वाड्याचा नकाशा याहून वेगळा नाही. बाहेरची भिंत, आत सोपे, मधे चौक. शिवणारीने नकाशा पाहिलेला नसतो, पण आपण राहतो ती जागा कडेकडून आत जाते हे तिच्या हाताला ठाऊक असते. रंगांचेही तसेच. गडद तुकड्याशेजारी फिका, त्याशेजारी पुन्हा गडद, म्हणजे खांब आणि मोकळा खण.

आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाचे उद्यान आहे आणि तिथल्या यंत्रांवर शिवणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या हाताचा वेग नवा आहे, पण कापडाची जाण घरची आहे.

पाण्याखालची भिंत

इंदापूर तालुका स्वतःच दोन काठांचे वस्त्र आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोन्ही काठ नरसिंगपूरच्या संगमावर मिळतात. भीमेच्या काठावरचे पळसदेव उजनी धरणात बुडाले. १९८० साली धरण पूर्ण झाल्यापासून तिथले जुने पळसनाथाचे मंदिर बहुतेक काळ पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की शिखर आधी वर येते, मग दगडी खांब. दगडावर पाण्याच्या पातळीच्या आडव्या रेघा उमटलेल्या असतात. ज्याला ओले आणि वाळलेले यांतला फरक रंगवायचा आहे, त्याने एकदा मे महिन्यात तिथे जाऊन बसावे. खालचा ओला दगड काळाभोर, वरचा वाळलेला राखाडी. धोतराला लागू असलेला नियम इथे देवळाला लागू होतो.

बुडालेली गावे एकदाच बुडाली. उभ्या गावांतली धाबी मात्र रोज कमी होत आहेत. माळवदाच्या जागी स्लॅब येतो, चुन्याच्या जागी तयार रंगाचा डबा. स्लॅबचे घर सोयीचे आहे, आणि दरसाल माळवद चोपण्याचे कष्ट ज्यांनी केले त्यांना ते हवेच असणार. पण चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर सोडते. तिच्यावर प्लास्टिकसारखा बंद थर चढवला की ओल आतच अडकते आणि पापुद्रे धरते. जुनी भिंत राखायची असेल तर तिला चुनाच द्यावा, हा साधा नियम आहे.

महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र आणि स्थिरचित्र यांच्या सरावाला शाळेत टेबलावर एक मडके, दोन फळे आणि मागे एखादे कापड मांडतात. बारामती-इंदापूरच्या कलाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. घटस्थापनेच्या आधीचा एक दिवस मुलांना वर्गाबाहेर न्या. सकाळी कऱ्हेच्या किंवा नीरेच्या काठावर वाळणाऱ्या गोधड्या काढू द्या, दुपारी गावातल्या एखाद्या माळवदाच्या घरात, चुना वाळत असताना बसवा. बादलीत नीळ किती टाकायची हे तिथल्या आजीला विचारायला सांगा, आणि ती सांगेल ते वहीत चित्राशेजारी लिहून ठेवायला सांगा. ही भिंत आणि ही गोधडी अजून आपल्या गावात आहेत, ती शिकवणारे हातही आहेत.